सोडलेली मेंढी

"दुखणं मरत नसतं, जागा बदलत असतं," असं बानाबाईची सासू म्हणायची. सासूची बाकीची बोलणी बानाबाईनं सासूबरोबरच मातीला दिली होती. सासवा बोलतातच फार; सगळं धरून ठेवलं तर सुनेनं संसार कधी करायचा? पण हे एवढं वाक्य मागं राहिलं, आणि ज्या वर्षी ते आठवायला नको होतं, त्याच वर्षी नेमकं आठवलं.

वाळूजकडं तेव्हा कंपन्यांचा सुकाळ होता. जिथं सूर्यभानची मेंढरं चरायची त्या गायरानावर तारेची कुंपणं आणि पत्र्याच्या शेडा उभ्या राहिल्या होत्या. भोंगा वाजला की गाव उठायचं, भोंगा वाजला की जेवायचं. कोंबड्याला कुणी विचारेना. सूर्यभानचा मुलगा मुंजाबा कंपनीत लागला, घरात टीव्ही आला आणि कळप वैजापूरच्या बाजारात गेला. म्हाताऱ्याच्या हट्टापायी दोन शेळ्या आणि एक मेंढी तेवढी दारात राहिली. मेंढीचं नाव कवडी. अंगानं काळी, कपाळावर कवडीएवढा पांढरा ठिपका. तिची आई वितानाच गेली म्हणून सूर्यभाननं तिला बोळ्यानं दूध पाजून जगवलं होतं. ती दिवसभर त्याच्या मागं फिरायची, गळ्यातलं पितळी घुंगरू वाजवत. "या वयात सवत आणली, ती पण चार पायांची," असं बानाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

दुखणं दिवाळीच्या आधी आलं. बेंबीच्या वर धरायचं आणि थेट पाठीतून निघायचं. सूर्यभानला आडवं होता येईना. गुडघे पोटाशी घ्यायचे आणि समोर बादली पालथी घालून तिच्यावर कपाळ टेकवायचं, अशी एकच बैठक त्याला सोसायची. दिवस दिवस तो तसाच. बानाबाईला त्या बादलीचा राग यायचा. शहाण्या माणसानं बादलीवर राग धरू नये. पण जिवाचं माणूस कण्हत असलं की राग धरायला काहीतरी लागतं.

शहरातल्या डॉक्टरांनी फोटो काढले. जठरामागं गाठ आहे, पसरलीय, कापून उपयोग नाही, असं मुंजाबाला बाजूला घेऊन सांगितलं. गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप यायची, दुखणं जागंच राहायचं.

वाट दाखवली ती कडूबाईनं. ती ओढ्यापलीकडच्या वस्तीत एकटी राहायची आणि शहरातल्या एका दवाखान्यात आया म्हणून कामाला जायची. आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून मरणानं हिच्याकडं ढुंकून बघू नये यासाठी आईबापांनी कडू नाव ठेवलेलं. दुसऱ्या जिल्ह्यातल्या तिच्या गावात, विद्यापीठाच्या नावाचा ठराव झाला त्या पावसाळ्यात, तिचं घर जळालं होतं. तेव्हापासून ती इकडं. सकाळी शेळीच्या दुधाला यायची, ओट्याखाली उभी राहायची. बानाबाई दूध वरून ओतायची; भांड्याला भांडं लागू द्यायची नाही. दोघींना ते ठाऊक होतं आणि दोघी त्याविषयी कधी बोलल्या नव्हत्या.

एका सकाळी दूध घेताना कडूबाईनं आत सूर्यभानकडं पाहिलं. म्हणाली, "बानाबाई, आमच्या दवाखान्यात भुलीचे डॉक्टर हायेत, फारुकी. पाठीत सुई घालून अशी दुखणी बंद करतात. मी बघितलंय. तुमी न्या बाबाला."

---

डॉक्टर फारुकी शहागंजकडचे. दाढी पांढरी, हात मोठे. दवाखान्यात सूर्यभानच्या खाटेवर बसून ते म्हणाले, "बाबा, सुनो. पोटाच्या मागं, मणक्याच्या पुढं नसांचा एक गुच्छा असतो. तुझ्या पोटातलं सगळं दर्द तिथून वर जातं. मी पाठीतून सुई घालून तो गुच्छा स्पिरिटनं मारून टाकतो. बीमारी राहील, दर्द जाईल. समझे?"

सूर्यभाननं घरून आणलेल्या बादलीवरचं कपाळ उचललं. "म्हंजे लांडगा वाड्यातच. कुत्र्याचं तोंड तेवढं बांधायचं."

डॉक्टर हसले नाहीत. "हां बाबा. लांडगा आता निघत नाही. निदान तू झोप तरी."

आधी कच्ची सुई, मग पक्की, असं ठरलं. कच्च्या सुईत नुसतं बधिर करायचं औषध. तिनं आराम पडला तर जागा बरोबर सापडली असं समजायचं. तिचा असर काही तासांचा. हे सगळं डॉक्टरांनी मुंजाबाला सांगितलं आणि मुंजाबानं आईला सांगितलं, "आये, पयली टेस्टिंगची हाये." कंपनीतल्या माणसाला टेस्टिंग म्हटलं की सगळं कळतं. बानाबाईला काहीच कळलं नाही.

तिला एवढंच दिसलं, की सुईनंतर नवरा पाठीवर आडवा झाला. किती दिवसांनी! पाय लांब केले, भाकरी मागितली, कवडीनं चारा खाल्ला का ते विचारलं. बानाबाई रडली आणि रडता रडता खाटेखालची बादली तिनं पायानं लांब ढकलली. पण दिवस कलला तसा सूर्यभान कुशीवर झाला, मग उठून बसला, मग गुडघे पोटाशी आले.

"आलं," तो म्हणाला. पाहुणा आल्यासारखं म्हणाला.

डॉक्टर खूश. "बढिया. जागा बराबर आहे. दोन दिवसांनी पक्की करू." बानाबाईला हा माणूस वेडा वाटला. दुखणं परत आलं आणि याला आनंद!

कपडे न्यायला ती घरी निघाली तेव्हा बसमध्ये तिला सासूचं वाक्य आठवलं आणि सगळा उलगडा झाला. निदान तिला तसं वाटलं. हाकललेलं जनावर सांजेला परत का येतं? त्याला दुसरा वाडा ठाऊक नसतो म्हणून. डॉक्टरनं दुखण्याला हाकललं खरं. पण कुठं जा, ते सांगितलंच नाही. मग ते येणार नाही तर काय करणार?

सासूनं सासऱ्याच्या वेळी काय केलं होतं ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. दुखणाऱ्या माणसाच्या घोंगडीची लोकर उपटायची, दोरा वळायचा, तो त्याच्या दुखऱ्या जागेवरून फिरवायचा आणि त्यानं हातानं वाढवलेल्या मेंढीच्या गळ्यात बांधायचा. गळ्यातलं घुंगरू काढून घ्यायचं, म्हणजे तिला घराची वाट सापडत नाही. तिवाट्यावर सोडायचं. मागं वळून बघायचं नाही. जो तिला दारात घेईल त्याच्या दारात दुखणं जातं.

दोरा तिनं आधीच वळून ठेवला होता आणि पाठ चोळण्याच्या निमित्तानं सूर्यभानच्या अंगावरून फिरवून घेतला होता. म्हणजे कुठंतरी तिचं आधीच ठरलं होतं. माणूस ठरवतो आधी आणि कारण शोधतो नंतर.

दिवेलागणीला ती कवडीला घेऊन निघाली. तिवाटा आता पहिल्यासारखा राहिला नव्हता. एका अंगाला कंपनीची भिंत आली होती आणि भिंतीतल्या पाइपातून रंगीत पाणी ओढ्यात पडत होतं. एक वाट दिरांच्या घरांकडं, एक गावातल्या मारुतीकडं, एक ओढा ओलांडून पलीकडं. तिनं कवडीच्या गळ्यात दोरा बांधला, घुंगरू सोडून पदरात घेतलं. कवडी तिच्याकडं बघत उभी राहिली. तिला काय, म्हाताऱ्याकडं चाललोय असंच वाटत असणार.

बानाबाईनं दिरांच्या घरांकडं पाहिलं. तिथं लेकरं होती. मारुतीकडं पाहिलं. तिथं गाव होतं. मग तिनं मेंढीचं तोंड धरून ओढ्यापलीकडं केलं आणि पाठीवर थाप मारली.

ते आपोआप झालं, असं तिनं स्वतःला नंतर पुष्कळदा सांगितलं.

---

पक्क्या सुईच्या दिवशी खाट ढकलायला कडूबाईच होती. तिनं बानाबाईकडं पाहिलं. नेहमी आधी बोलायची, त्या दिवशी बोलली नाही. बानाबाईनं आपल्या चपलांकडं पाहिलं.

सूर्यभानला पालथं झोपवून पोटाखाली उशी दिली. कडूबाईनं त्याचे पाय धरले. बानाबाई दाराबाहेर होती. स्पिरिट आत जाताना आग होईल असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, तरी नवऱ्याची आरोळी ऐकून तिनं भिंत धरली. एकच आरोळी. त्यानंतर इतकं गप्प झालं, की आतल्या भांड्यात सुई ठेवल्याचा आवाज तिला बाहेर ऐकू आला.

"गेलं का बाबा?" डॉक्टरांनी विचारलं.

"गेलं," सूर्यभान म्हणाला.

आणि त्या वेळी ते खरंच गेलं. सांज झाली, सकाळ झाली, आलं नाही. थोडे दिवस उठताना अंधारी यायची, जुलाब झाले. हे व्हायचंच असं डॉक्टर म्हणाले होते. मग सूर्यभान घरी आला, दारातल्या खाटेवर पाठ टेकून झोपला. मुंजाबानं डॉक्टरांना पेढे नेऊन दिले. बानाबाईनं बादली न्हाणीत नेऊन सरळ ठेवली.

आता सुखानं राहावं की नाही? पण मेंढरामागं जन्म गेलेला माणूस. हरवलेलं जनावर सापडेपर्यंत त्याच्या घशाखाली घास उतरत नाही.

"आगं," तो एकदा जेवताना म्हणाला, "गेलं म्हंजे कुठं गेलं?"

"काय?"

"दुखणं. मेलं म्हणावं तर मढं पायजे. पळालं म्हणावं तर माग पायजे. एवढं मोठं धूड, एकदम नाय म्हंजे नाय?"

"तुमाला काय करायचंय? गेलं ना!"

"ते गेलं नाय. भायेर हाये," सूर्यभान म्हणाला आणि भाकरीचा तुकडा मोडला.

कवडीचं विचारलं तेव्हा बानाबाईनं कुत्र्यांनी नेली म्हणून सांगितलं. पण त्या दिवसापासून सांज झाली की तो खाटेवर उठून बसायचा, मान ओढ्याकडं वळवायचा आणि कान द्यायचा. लांडगा आल्यावर असा बसायचा तो, पूर्वी, माळावर.

"घुंगरू वाजतंय," तो म्हणाला.

"कंपनीचं काईतरी असंल."

"पन्नास वर्सं मेंढरं राखली मी. कवडीचं घुंगरू मला कळत नाय? ती चालंना झालीय. दोन पावलं टाकती, वाकती. पुन्ना दोन पावलं. तिच्या पोटात दुखायलंय."

घुंगरू बानाबाईनं ज्वारीच्या कणगीत खोल पुरलं होतं. ती आत गेली, कणगीत कोपरापर्यंत हात घातला. घुंगरू होतं. गार, दाण्यांनी भरलेलं, मुकं. तिनं ते बाहेर काढलं, मूठ घट्ट आवळली. आणि तेव्हाच तिला ऐकू आलं. ओढ्याकडून, भिंतीच्या पलीकडून, बारीक. दोन पावलं. थांबलं. पुन्हा दोन पावलं.

घुंगरू तिच्या मुठीत होतं आणि वाजत ओढ्यापलीकडं होतं.

---

कडूबाई दुधाला यायची बंद झाली. बानाबाईनं चौकशी केली नाही. न करायला कारणही होतं. दिवस बरे नव्हते. विद्यापीठाच्या नावाचा निकाल आता लागतो, मग लागतो, असं चाललं होतं. शहरात पोलिसांच्या गाड्या, मोर्चे, बंद. दोन्हीकडची माणसं आपापल्या दारात बसून एकमेकांच्या वाटेकडं बघायची. "आये, ओढ्याकडं फिरकू नको," मुंजाबानं बजावलं होतं. आईला तेच हवं होतं. लेकाचं एवढं ऐकणारी आई अख्ख्या गावात दुसरी नव्हती.

तरी ती एका दुपारी गेलीच. शेळीला पाला आणायच्या निमित्तानं ओढ्याच्या काठावर उभी राहिली. पलीकडं पहिलंच घर कडूबाईचं. दारात कवडी बांधलेली, गळ्यात काळा दोरा. आणि तिच्या शेजारी उंबऱ्यावर कडूबाई बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन. पुढ्यात हंडा पालथा घातलेला, त्याच्यावर कपाळ टेकवलेलं.

बसायची तीच तऱ्हा. मान तशीच डावीकडं कललेली. एक हात तसाच पाठीमागं, मणक्यावर मूठ दाबून.

बानाबाईनं पाला तिथंच टाकला आणि घरी पळत आली. घरात सूर्यभान पाठीवर पाय लांब करून झोपला होता, तोंड उघडं, श्वास संथ. त्या सुखाकडं बघून तिच्या अंगावर काटा आला. मेंढी परत आणावी, तर हे सुख संपलं. पुन्हा बादली, पुन्हा ते कण्हणं. न आणावी, तर ती तिकडं. आणि ती कोण? जिनं या डॉक्टरची वाट दाखवली ती.

तिनं काहीच केलं नाही. रोज उद्यावर टाकलं. भीती वाटत होती म्हणून नाही, नवऱ्याचं झोपणं तिला सोडवत नव्हतं म्हणून. मी तिला यात फार दोष देत नाही. ज्यानं आपल्या माणसाचं कण्हणं दिवसरात्र ऐकलंय त्यानं तिला दगड मारावा. पण दोष तर होताच.

संक्रांतीच्या दिवशी नामविस्ताराची बातमी आली. ओढ्यापलीकडं एकदम ताशे वाजू लागले, फटाके फुटले, घराघरावर निळे झेंडे लागले. अलीकडं दारं लागली. सुगडाला हळदकुंकू लावून बानाबाई तिळगूळ वळत बसली होती. संक्रांत दर वर्षी कुणावर तरी येते म्हणतात. ती कुणावर येणार, ते सांगायचं काम भटजीचं. या वर्षी बानाबाईला भटजीला विचारायची गरज नव्हती.

सूर्यभान उठून बसला. त्या ताशांच्या गदारोळातून तो कान देत होता.

"मुंजाची आय."

"काय?"

"तू माझं दुखणं कुणाच्या गळ्यात बांदलंस?"

तिळगुळाचा लाडू तिच्या हातात फुटला. तिनं सांगितलं. दोरा सांगितला, तिवाटा सांगितला, ओढा सांगितला. कडूबाई कशी बसली होती तेही सांगितलं.

सूर्यभान रागावला नाही. तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो खाटेखाली पाय सोडून काठी शोधू लागला.

"तुमाला झेपणार नाय. ते परत येईल अंगावर."

"ज्याचं जनावर त्यानं आणावं," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या वाड्यात आपलं जनावर सोडून झोपणारा माणूस नाय मी. तू मला तसा केलास."

---

ती दोघं ओढा ओलांडून गेली तेव्हा ताशे थांबले. माणसं बघत राहिली. म्हाताऱ्याच्या खांद्यावरची घोंगडी आणि त्याचं पिवळं पडलेलं तोंड बघून कुणी अडवलं नाही. एका बाईनं मुकाट्यानं दोघांच्या हातावर साखर ठेवली. आज कुणाला साखरेवाचून जाऊ द्यायचं नाही, असं तिचं असावं.

कडूबाई उंबऱ्यावरच होती. तिनं हंड्यावरचं कपाळ उचललं. कवडी सूर्यभानला बघून ओरडली आणि दाव्याला हिसके देऊ लागली. सूर्यभान खाली बसला, मेंढीच्या गळ्यातला दोरा सोडू लागला.

"कडूबाई," बानाबाई म्हणाली, "चुकलं माझं. हे आमचं आमी घेऊन जातो. तू बरी व्हशील."

कडूबाईनं आजवर तिला अहोजाहो केलं होतं. आज ती एकेरीवर आली.

"काय घेऊन जातीस? ही दवाखान्यात दाखवलेली गाठ हाये. भादव्यापासनं दुखतंय मला. तुझी मेंढी आली मार्गशीर्षात. असलं काय मानत नाय मी. बाबासाहेबांनी सोडवलंय आम्हाला त्यातनं. माझं दुखणं माझं हाये. ते तू दिलेलं नाय आणि तुला नेता यायचं नाय."

बानाबाईला वाटलं, सुटलो. तिचा जीव असा हलका झाला, की तिला त्याची लाज वाटायच्या आत कडूबाई पुढं बोलली.

"पण तू मानतीस ना? तुला ठाऊक होतं ना, ज्याच्या दारात जाईल त्याचं वाटोळं? दोरा बघितला तवाच वळखला मी, बाबाच्या घोंगडीचा. म्हणलं बांधून ठेवावी, बघावं ही येती का न्यायला. तिवाट्याला तीन वाटा हायेत, बानाबाई. हिचं तोंड इकडं कुणी केलं?"

"आपोआप..." बानाबाईच्या तोंडून निघून गेलं.

कडूबाई तिच्याकडं बघत राहिली. "व्हय. माझं घर जळालं तवाबी गाव असंच म्हणालं. आग आपोआप लागली."

सूर्यभानची बोटं दोऱ्यावर थांबली होती. "ते तोंड मागं फिरवता येतं का बघ," कडूबाई म्हणाली आणि पुन्हा हंड्यावर वाकली.

---

मेंढी घरी आली. बानाबाईनं तिला घुंगरू बांधलं, चारा टाकला. मग दाराशी बसून ती वाट बघू लागली, नवऱ्याचं दुखणं परत यायची. सांज झाली. सूर्यभान पाठीवर पडून होता. त्याला काही दुखत नव्हतं.

कवडी दारात उभी होती, जागची हललीही नव्हती. आणि ओढ्यापलीकडून घुंगरू वाजलं. दोन पावलं. थांबलं. पुन्हा दोन.

"मेंढी आली," सूर्यभान वर आढ्याकडं बघत म्हणाला, "ते नाय आलं. ते तिथंच राह्यलं."

दोरा त्यानं कमरेला बांधून ठेवला होता, दुखण्याला ओळख पटावी म्हणून. पटली नाही. होळीच्या आधी तो गेला. पाठीवर झोपलेला, पाय लांब, चेहरा निवांत. पक्क्या सुईनं आयुष्य वाढत नसतं, असं डॉक्टर पहिल्या दिवशीच म्हणाले होते. भेटायला आलेली माणसं म्हणाली, किती सुखाचं मरण, पुण्यवान माणूस. बानाबाईनं मान हलवली. कमरेचा दोरा तिनं त्याच्याबरोबर जाऊ दिला नाही, सोडून घेतला.

दहावं-तेरावं झालं, आणि एका सकाळी ती पहिल्या बसनं शहरात गेली. कडूबाईला त्या दिवशी कच्ची सुई द्यायची होती, हे तिनं वस्तीतल्या बायकांकडून काढून घेतलं होतं. कडूबाई वऱ्हांड्यातल्या बाकावर एकटीच बसली होती. पुढ्यात पालथं घालायला काही नव्हतं म्हणून आपल्याच गुडघ्यावर कपाळ टेकवून. बानाबाई तिच्या शेजारी बसली. लुगड्याला लुगडं लागलं. तिनं पाय आवरून घेतले नाहीत.

कडूबाईनं मान न उचलता विचारलं, "कामून आलीस?"

"सोबतीला माणूस लागतं म्हणत्यात."

कडूबाई म्हणाली, "बसली तर बस."

तिला आत नेलं. डॉक्टर फारुकी आत जाताना बानाबाईला ओळखून थांबले. "अजीब बात है. बाबाची होती ना, अगदी तीच जागा. वही बाजू." मग त्यांनीच मान झटकली. "होतं असं. बीमारी तर एकच आहे."

दार लागलं. बानाबाई उठली आणि दाराला पाठ न लावता, तोंड दाराकडं करून, जमिनीवर बसली. कमरेला हात घालून बघितला. दोरा होता. आपण कडूबाईला काय म्हणायचं ते तिला सुचलं नव्हतं आणि सुचलं असतं तरी ते कडूबाईला नको होतं. पण एक गोष्ट तिला अजून कुणी खोटी पाडून दाखवली नव्हती. हाकललेल्या जनावराला जायला जागा लागते.

आतून डॉक्टरांचा आवाज आला. "कडूबाई, सच बोलो. गेलं का?"

"गेलं," कडूबाई म्हणाली.

वऱ्हांडा रिकामा होता. भर उजेडात, दाराच्या फटीतून निघाल्यासारखं, घुंगरू वाजलं. दोन पावलं आलं आणि थांबलं. डावीकडं जिना होता. तिथं दुसऱ्या रोग्यांची माणसं डबे उघडून जेवत होती. उजवीकडं बाळंतिणींची खोली. ते मध्येच उभं राहून वाट बघत होतं, कुणीतरी तोंड धरून वळवायची.

बानाबाईनं पदर पसरला.

"इकडं," ती म्हणाली. "इकडं ये. या बारीला मी तोंड माझ्याकडं केलंय."

पुन्हा दोन पावलं वाजली. मग तिच्या बेंबीच्या वर काहीतरी गोल फिरलं, जागा बघितली आणि सांजेला वाड्यात मेंढरू बसतं तसं बसलं. बानाबाईचे गुडघे आपोआप पोटाशी आले. टेकायला काही सापडतं का म्हणून तिनं इकडंतिकडं पाहिलं. डावीकडं, जिन्याखालच्या कोपऱ्यात, कुणाची तरी बादली होती.